शुभ बोल

"पेशंटला एकशे तीन ताप आहे. तुम्ही आधी काय कराल?" अंकिताने पुस्तकात बघून विचारलं.

"गोधडी घालीन. नाय उतरला तर वर अजून येक," बुधाजी म्हणाला.

"उकडून काढाल त्याला, आबा!"

नात हसली, तसा बुधाजीही हसला. सोमवारी तिची नर्सिंगची परीक्षा होती. नुसतं वाचून तिच्या डोक्यात काही राहत नसे. समोर कुणीतरी चुकणारं लागायचं. म्हणून पनवेलच्या कोळीवाड्यातल्या घराच्या ओटीवर बसून बुधाजी दुपारपासून पेशंटांचे हाल करत होता. आतल्या खोलीत त्याची बायको, जनी, पडून होती. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मधल्या दाराला नुसता पडदा होता.

"हा सोपा आहे. पेशंट म्हणते, 'मी आता यातून उठत नाही.' नर्सने काय करावं? अ, 'असं बोलू नका, सगळं ठीक होईल' असा धीर द्यावा. ब, विषय बदलावा. क, डॉक्टरांना विचारा म्हणावं. ड, जवळ बसावं, तिला काय वाटतंय ते विचारावं आणि ऐकून घ्यावं."

"अ," बुधाजी लगेच म्हणाला. "ह्यात काय इचारायचं? धीर नको द्यायला?"

"चूक. ड."

"अगो, मरनाचं इचारायचं मानसाला?"

"मरणाचं नाही हो, तिच्या मनातलं. ठीक होईल म्हटलं की पेशंट गप्प बसतो. मग सांगायचं ते राहूनच जातं." अंकिताने पान उलटलं. "हा प्रश्न दर वर्षी येतो."

बुधाजीने पडद्याकडे पाहिलं. गणपतीत जनी म्हणाली होती, "ऐका ना, माजं आता काय खरं नाय. येक सांगायचं व्हतं..." त्याने तिला पुढे बोलूच दिलं नव्हतं. "शुभ बोल गो. वास्तू तथास्तु म्हनते." त्यानंतरही दोन-तीनदा तिने सुरुवात केली आणि त्याने तेच म्हटलं. त्याच्या आईने हेच म्हटलं असतं. वाड्यातल्या कुणीही म्हटलं असतं. दिवाळीनंतर जनीने तो विषय काढला नाही. तिला धीर आला, असं समजून तो मनात सुखावला होता.

"पानी देऊन येतो तिला," म्हणत तो उठला.

जनी जागी होती. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून तो खाटेपाशी जमिनीवर बसला.

"तवा काय सांगत व्हतीस?"

तिने नजर वर आढ्याकडे वळवली.

"करंजाला जायाचं व्हतं. शकूला बगायचं, बंदरावर जरा बसायचं. तवा गाडीत बसवत व्हतं मना."

शकू तिची धाकटी बहीण. करंजा जनीचं माहेर.

बरी झालीस की जाऊ, हे शब्द बुधाजीच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले.

"शकूला बोलवून घेतो," तो कसाबसा म्हणाला.

"बोलवा. पन बंदर कसं आनाल?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. ओटीवर अंकिताचं वाचणं थांबलं होतं.

"आता करंजाला भरती असंल का ओहोटी?" जनीने विचारलं.

जन्म खाडीत गेलेला माणूस. आजची तिथी आठवली की त्याला ते आपसूक कळे. शुभ बोलायचं म्हणून भरती म्हणावं, असं त्याला क्षणभर वाटलं.

"ओहोटी हाय," तो म्हणाला. "पार आटलंय."

जनीने डोळे मिटले.

"मंग बोटी बंदराच्या भाएर उभ्या असतील," ती म्हणाली. "पान्याची वाट बगत."