अंधारातला निळा

दिवसभर बंद कपाटात ठेवलेल्या बीकरमधला रंग तसाच गडद निळा होता. हेमांगी खट्टू झाली. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या नझमीनचा दावा होता, की तिची चांदी मिसळलेली भुकटी तो फक्त उजेडातच उडवते. अंधारातही उडाला असता, तर कालची ही पोर खोटी ठरली असती.

"ताई, निळा राहिला ना?" दारातून नझमीनने विचारले.

"बघू तर दे. तुझी भुकटी कुठे पळून नाही जात."

ती गेल्यावर हेमांगीने बीकर खिडकीतल्या उन्हात धरला. रंग गेला, की वहीत 'अंधारातच उडाला' लिहायचे. चाचणी तिच्यावरच सोपवलेली होती.

सातव्या मिनिटालाच निळाई विरू लागली. तिच्या स्वतःच्या भुकटीला पाच वर्षांत हे साधले नव्हते. मत्सर वाटला, तरी नजर हलेना.

पाणी नितळ झाल्यावर तिने वहीत लिहिले, 'अंधारात रंग कायम', आणि सही केली.