वळकटी

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत नाशिकचे त्र्यंबकराव जुनी देवळं बघायला कोल्हापूरला आले आणि त्यांनी उचगावच्या गैबीची बैलगाडी चार दिवसांसाठी ठरवली. प्रत्येक देवळाबाहेर गैबी बैल सोडून सावलीला बसायचा. दर्शन घेऊन त्र्यंबकराव परत आले, की एखाद्या नाक तुटलेल्या मूर्तीचा सगळा राग त्याच्यावर निघायचा.

"तुमच्याच लोकांनी फोडलंय हे! खाली मान घालून गाडी हाक."

गैबी खाली मान घालून बैल जुंपायचा.

चौथ्या दिवशी नदीकाठच्या देवळातून निघून कोसभर आले, तोच मागून गावचा पाटील आणि गुरव घोडी फेकत आले. देवळाच्या भिंतीवरची वीतभर देवी कुणीतरी छिन्नीनं उचकटून नेली होती. पाटलानं गाडीची झडती घेतली, तर कडब्याखाली एक वळकटी सापडली. हाताला चांगलीच जड लागली.

"कुणाची रं ही?"

"ह्येंची हाय, पाटील," गैबी म्हणाला.

"खोटं बोलतोय!" त्र्यंबकराव कडाडले. "त्याचीच आहे. बांधा त्याला!"

गुरवानं गैबीची मानगूट धरली.

"अल्लाची आण, मी देवळाची पायरीबी चढलो न्हाय की!" गैबीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाटलानं दोरी सोडून वळकटी उलगडली.


आत देवी होती, रेशमी सोवळ्यात नीट गुंडाळलेली.