या खेपेला मीठ बरोबर

"या खेपेला मीठ अगदी बरोबर पडलंय, मावशी," सेफो म्हणाला, आणि तिरेसाच्या हातातला पंखा हलायचा थांबला.

सेफो तिरेसाच्या घरी जेवायला पहिल्यांदाच आला होता. चर्चमधून परतलेली माणसं पांढऱ्या कपड्यांत चटयांवर बसली होती. आईने पाहुण्याचा मान म्हणून पालुसामी, नारळाच्या दुधात भाजलेली अळूची पानं, आधी त्याच्यापुढे ठेवली. पहिल्याच घासाला 'या खेपेला' कुठून आलं? सकाळपासून तिरेसाला त्याचं काही सरळ दिसत नव्हतं. पाद्रीबाबांनी भजन सांगायच्या आत याचं पुस्तक नेमक्या पानावर उघडलेलं. आई बोलण्याच्या नादात मीठ दोनदा घालते, हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पण पहाटे नारळ खवायला आलेल्या या पठ्ठ्याने, आईने एकदा मीठ घालताच, डबा उचलून वर ठेवला होता. घरातलंच कुणीतरी फितूर असणार.

जेवणं झाल्यावर तिने त्याला किनाऱ्यावर गाठलं. "कोण सांगतं तुला आमच्या घरातलं?"

"तूच. आजच सांगितलंस. म्हणजे, मागच्या आज."

सामोआहून अमेरिकन सामोआकडे होडी हाकली की वाटेत वाररेषा ओलांडताना वार बदलतो आणि कालचा दिवस लागतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. परत फिरलं की पुन्हा आज. सेफोचं म्हणणं एवढंच, की त्या रेषेवर इंजिन बंद करून होडी प्रवाहावर सोडून दिली, तर काल सुटत नाही. माणूस घरी पोचतो तो शनिवारीच.

तिला ही शुद्ध थाप वाटली. रविवारी होडी पाण्यात घालणाऱ्याला गावचे मुखिये डुकरांचा दंड ठोकतात, ते कसे गप्प बसले?

"ठोकला की. पण तो रविवारच उरत नाही, मग डुकरं मागणार कोण?" मग तो हळूच म्हणाला, "आता तुझी आई ओरडेल. पाद्रीबाबांकडे पालुसामी पोचव म्हणेल, आणि गेल्या वेळची टोपली आठवणीने आण म्हणेल."

आईची हाक आली. टोपलीसकट, शब्दाला शब्द. आता तिरेसाला ही थाप म्हणता येईना.

"एवढे रविवार कशासाठी? मला लग्नाचं विचारलंस?" तिने विचारलं.

"दर रविवारी."

"मी काय म्हटलं?"

"आधी नाही. पालुसामी खारट व्हायची, आई रडवेली, आणि तू माझ्यावरच चिडायचीस. मग मी मीठ सांभाळलं. मागच्या खेपेला हो म्हणालीस."

"मग परत कशाला गेलास?"

सेफो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागला. "आईकडे बघून म्हणालीस. मला वाटलं, माझ्याकडे बघून म्हणशील."

आता मात्र तिला खरा राग आला. तिने याला होकार दिला होता, आणि या शहाण्याने मनासारखा नाही म्हणून तो समुद्रात टाकून दिला. त्याहून वाईट म्हणजे तो तिला आवडत होता. पण आवडत होता तो सेफो, की तिच्या आवडीनिवडी पाठ करून आलेला कुणी लबाड, हे कळायला तिच्याकडे मार्गच नव्हता.

"तुझी होडी घेऊन मी जाते," ती म्हणाली. "तू इथे थांब. आठवतं ते होडीतल्यालाच; या खेपेला काही ठाऊक नसलेला तू."

पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून ती भर दुपारी, अख्ख्या गावादेखत पाण्यात शिरली. मुखिये ओरडत उठले. सेफोने धावत येऊन होडीची कड धरली. "परत आलीस की हो म्हणशील ना?"

"म्हणेनही. तुझ्याकडे बघूनच म्हणेन." तिरेसाने इंजिनाची दोरी ओढली. "पण त्याआधी किती वेळा नाही म्हणून आले, ते तुला कधीच कळायचं नाही."