हलेल तेच दिसेल

कॅमेऱ्याच्या चिपला वीज कमी लागावी आणि चित्रातली खरखर जावी, म्हणून तिने दोन वर्षं प्रयोगशाळेत डोळे फोडले. आयत्या बिळावर नागोबा यावा तसे विभागप्रमुख मात्र अहवालावर आपलं नाव घालून मोकळे झाले. नव्या विभागाची सूत्रं कोणाकडे द्यायची, हे आज मालक ठरवणार होते.

प्रात्यक्षिकासाठी तिने कॅमेरा समोर बसलेल्या मंडळींकडे वळवला. पडद्यावर फिरता पंखा दिसला, मालकांचा हलता पाय दिसला. पहिल्या रांगेत पोटावर हात ठेवून पेंगणाऱ्या विभागप्रमुख साहेबांच्या जागी मात्र नुसता काळोख होता.

"हे काय, बिघडलं वाटतं?" मालकांनी विचारलं.

"नाही सर. ज्या भागात काही बदलत नाही, तो चिप वाचतच नाही. त्यानेच वीज वाचते आणि खरखरही कमी होते. भिंत, कपाट, सगळं ती सोडून देते."

शेजारचा सहकारी खोकल्याआड हसला. मालकांनी कपाटाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"बरं, ही कल्पना कोणाची?"



पडद्यावरच्या त्या काळोखात पहिल्यांदाच एक हात वर झाला.