दोन्हीकडे शून्य

आमच्या सुजीतला लोकांना हसायची फार खोड. स्वतः ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये चारदा नापास झाला, पाचवी देणारच नाही म्हणून अडून बसलाय. शारजाहून दुबईला ऑफिसात जातो तो मालदीवच्या इब्राहिमच्या गाडीतून, आणि हसतो त्याच्याच देशाच्या फुटबॉल टीमला. सात वर्षांपूर्वी इराणने त्यांना सतरा गोल घातले होते, ते अजून रोज उगाळतो.

आज इब्राहिम पेढे घेऊनच वर आला. त्यांची कोरियाशी मॅच झाली म्हणे, दोन हजार दोनच्या वर्ल्ड कपात चौथ्या आलेल्या.

"जीते क्या?" मी विचारलं.

"नहीं आंटी, झीरो-झीरो."

सुजीत खो खो हसला. "हबीबी, झीरो की मिठाई?"

इब्राहिम शांतपणे म्हणाला, "हमारा झीरो तो हमेशा का है. इस बार उनका भी झीरो है."

सुजीतने पेढ्याला हात घातला तसा मी डबा ओढून घेतला.

"सतरा खाऊन ते परत मैदानात उतरले, म्हणून आज बरोबरीत सुटले. तू चारातच घरी बसलास. याची बरोबरी करायची असेल तर आधी टेस्टची तारीख घे, मग हसायला तोंड उघड."