एका मशीनवर लाल

बाकी सगळ्या मशीनवर हिरवं आलं होतं, एकावर लाल.

मोहिनीने स्क्रीनवरचं निकालाचं पान पुन्हा उघडून पाहिलं. लाल ते लालच. केळीवर करपा कधी येईल याचा अंदाज सांगणारं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर पॅकेज लीलाधर सरांनी उमेदीच्या वयात लिहिलं होतं. तिने ते नव्याने बांधून काल तपासणीला पाठवलं होतं. तिकडे परदेशात तऱ्हेतऱ्हेच्या कॉम्प्युटरांवर ते आपोआप चालवून बघतात. माणसाचा हातच लागत नाही, त्यामुळे वशिलाही चालत नाही. इकडे शेजारच्या हॉलमध्ये सरांच्या सेवापूर्तीची तयारी चालली होती आणि माइकवाला 'हॅलो, हॅलो' करून कान किटवत होता. पाहुणे आले की स्टेजवरून जाहीर व्हायचं होतं : येत्या हंगामापासून जिल्हाभरातल्या केळीवाल्यांना फवारणीचा सल्ला या पॅकेजवरून जाणार, आणि पॅकेजला नाव सरांचं.

विभागप्रमुख हेमराज सर शालींचा गठ्ठा काखेत घेऊनच आत आले. लाल पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, एवढ्यांत एक मशीन रुसलं तर रुसू दे. या मशीनवर ही चाचणी घेऊच नको, अशी एक ओळ टाक आणि मोकळी हो. त्यांनी स्वतः असं केलेलं होतं, काही आभाळ कोसळलं नव्हतं.

मोहिनी म्हणाली की दोष मशीनचा नाही. सकाळपासून डोळे फोडून तिने तो शोधला होता. सरांचं गणित महिनाभराचा दमटपणा, दर दिवसाच्या आकड्याला एक घर असा, घरोघर मोजत जातं आणि शेवटी एक घर जास्तीचं मोजतं. त्या घरात कोणी काही ठेवलेलंच नाही. बहुतेक वेळा तिथे शून्य असतं, शून्य मिळवून बिघडत काही नाही, उत्तर बरोबर येतं. या मशीनवर त्या घरात भलताच आकडा पडलेला होता.

"मग दुरुस्त कर की. कोणाला कळतंय?"

"दुरुस्ती एवढीशीच आहे, सर. पण आजवर आपल्या कॉम्प्युटरवर दर वेळी तिथे शून्यच होतं, हे कशावरून?"

हेमराज सरांनी काखेतला गठ्ठा सावरला. एवढंच म्हणाले, की माणसाचा जन्म गेला यात, आज त्याला स्टेजवरून हसत उतरू दे, उद्या काय करायचं ते कर. आणि पंचाईत अशी, की मोहिनीचं मनही तेच म्हणत होतं. तिच्या लग्नाचं घाटत होतं तेव्हा भडगावला घरी येऊन, वडिलांशी हुज्जत घालून तिचं शिक्षण पुढे चालू ठेवायला लावलं ते याच सरांनी. त्यांना आजच्या दिवशी हे सांगायचं? तिने ती ओळ टाईप केली. एंटर दाबायचं तेवढं राहिलं.

तेवढ्यात सर स्वतःच आले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध. निकालाच्या दिवशी पोरं विचारतात तसं त्यांनी विचारलं, हिरवं झालं का म्हणून. हेमराज सर घाईने म्हणाले, झालंच समजा.

"नाही, सर," मोहिनी म्हणाली आणि तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

सरांनी चष्मा लावला. लिखाण त्यांचंच, फार समजावावं लागलं नाही. त्यांचं बोट ओळींवरून सरकत त्या जास्तीच्या घरापाशी आलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी मोहिनीकडे पाहिलं.

"मोतीलालभाऊंच्या वेळी?"

जामनेरचे मोतीलालभाऊ. फवारणीची गरज नाही, असा सल्ला याच गणितावरून त्यांना गेला आणि करप्याने त्यांची बाग खाल्ली. वाळलेली पानं घेऊन ते याच खोलीत आले होते. 'बठ्ठी बाग गई, सर,' म्हणाले होते, सगळीच्या सगळी. सरांनी सगळ्यांदेखत त्यांना सुनावलं, गणित चुकत नाही, आकडे तुम्ही चुकीचे कळवले. भाऊ हात जोडून निघून गेले, ते पुन्हा इकडे फिरकले नाहीत. त्या दिवशी सगळा विभाग हसला होता. मोहिनीसुद्धा.

"सांगता येत नाही, सर." ती म्हणाली. "असेलही."

हॉलमधून सरांच्या नावाचा पुकारा झाला. हेमराज सरांनी त्यांचा दंड धरला आणि स्टेजपर्यंत ते त्यांच्या कानाशी पुटपुटत राहिले. मोहिनीने टाईप केलेली ओळ पुसली आणि ती हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली.

शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. सर माइकपाशी आले. खिशातून भाषणाचा कागद काढला आणि न उघडता परत ठेवला.

"माझं गणित चुकलेलं आहे. आजवर ते नशिबाने बरोबर येत होतं. जामनेरच्या मोतीलालभाऊंची बाग गेली, तेव्हा मी त्यांना खोटं पाडलं. खोटा बहुधा मीच होतो. हे पॅकेज आज कोणाला देऊ नका."

पहिल्या रांगेतले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मोहिनीची मान ताठ झाली. सर पुढचं बोलणार, तोच सूत्रसंचालनाच्या माइकवरून हेमराज सरांचा आवाज आला, अगदी हसतमुख.

"मंडळी, एवढं काम उभं करून वर स्वतःलाच खोटं म्हणवून घेणारा माणूस आज शोधून सापडायचा नाही. सरांच्या या विनयासाठी जोरदार टाळ्या!"

हॉल उठून उभा राहिला. पाहुणेही उठले. सर हात हलवून नाही, नाही म्हणू लागले, तसा लोकांना आणखीच जोर चढला. ते माइकजवळ वाकून पुन्हा काही बोलले. दारापर्यंत ऐकू आलं नाही. मग माइकची दांडी एका हाताने धरून ते टाळ्या थांबायची वाट बघत उभे राहिले.

टाळ्या थांबेनात.