जांभळी माशी

दुकान लेकीच्या हवाली केलेल्या म्हाताऱ्या घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात गळ पकडला आणि कोंबडीचं पीस दोऱ्यानं आवळून मासा भुलवायला आणखी एक खोटी माशी बांधायला घेतली. तळ्यातल्या त्या थोराड बास माशानं महिन्याभरात त्याच्या दोन माश्या दोरीसकट तोडून नेल्या होत्या. आता त्याला काठावर आणल्याशिवाय घड्याळजी स्वस्थ बसणार नव्हता.

“एका माशापायी किती डोळे फोडून घ्याल?” शेजारी विणत बसलेली बायको म्हणाली. “मी तर त्या चिखलात पाऊलही ठेवणार नाही.”

त्यानं दातात धरलेला दोरा ताणून गाठ आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात मासा गळाला लागला. चांगला अर्धा तास झुंजवून त्यानं तो काठाला ओढला, तोंड उघडून पाहिलं, तर जबड्यात त्याच्या दोन्ही जुन्या माश्या रुतलेल्या. आणि त्यांच्या शेजारी तिसरीच एक, ओबडधोबड, जांभळ्या लोकरीची. त्यानं ती सोडवून हातात घेतली आणि स्वतःच्या अंगातल्या स्वेटरच्या बाहीला लावून पाहिली. लोकर तीच होती.

घरी आल्यावर त्यानं ती माशी बायकोपुढे ठेवली. तिच्या सुया काही थांबल्या नाहीत.

“परत पाण्यात सोडलात ना त्याला?”

“सोडला.”

“बरं केलंत. माझ्या हाती लागायचाय तो अजून.”